मागच्या खड्ड्यातली बदकं

३ जुलै १९७७, रविवार

घरात कोंबडी आली. माहेरून दादाने काल डालग्यात घालून पाठवली. तांबडी, गावरान आणि खुडूक. खुडूक म्हणजे तिला आता अंडी घालायची नाहीत, उबवायची आहेत. अंडी नसली तर ती कशावरही बसते. काल दुपारभर ह्यांच्या बुटावर बसली होती.

माझं माहेर कन्हानपलीकडचं, शेतीचं. कोंबड्यांतच वाढले. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात मूल नाही, त्यात मास्तरीणबाई कोंबड्या पाळणार म्हटल्यावर शेजारी बोलायचं ते बोलतील. बोलू देत.

अडचण होती ती मामाजींची. सासरे माळकरी, अंड्याचं नाव न घेणारे. सगळा जन्म हातमागावर गेला. तांडापेठेतलं घर सोडून इथं बेसा रस्त्यावर प्लॉट घेतला, तेव्हाही त्यांनी मागच्या अंगणात टिनाची शेड टाकून त्यात माग उभा केला होता. दोन वर्षांपूर्वी अंधडात शेड उडाली. माग सोडवून लाकडं माळ्यावर गेली आणि तेव्हापासून मामाजी पुढच्या ओसरीत राघूच्या पिंजऱ्याशेजारी बसून असतात. त्यात डोळ्यांत काचबिंदू. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वर्षभर टिकली तरी मिळवली. त्या दिवसापासून ते अर्धीच भाकरी खातात. माणसाला काही तरी नाद पाहिजे, नजर आहे तोवर चार जिवांची हालचाल दिसली पाहिजे, हे मी ह्यांना शंभरदा सांगितलं. हे भंडाऱ्याला नोकरीला, शनिवारी येतात, रविवारी जातात. ऐकतात आणि वर्तमानपत्र उलटतात.

तेव्हा आज मीच धीर केला. ओसरीत गेले आणि विचारलं, "मामाजी, मागं बसवू का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बसवा न बाई. दसऱ्याच्या आंदर बसवा. मी हाव न."

मला नोकरी लागल्यापासून ते मला बाई म्हणतात आणि तुम्ही म्हणतात. बोलतात मात्र पंधरवड्यातून एखादं वाक्य. आज एकदम तीन. वर संध्याकाळी दीड भाकरी खाल्ली. हे म्हणाले, बाबांना आज काय झालं? मी म्हटलं, कोंबडी.

५ जुलै

तांबडीला कोठीच्या खोलीत तेरा अंड्यांवर बसवली आहे. तिचं खुराडं झालं की बाहेर. दादा दोन जोड्या बदकंही देणार आहे. त्यांना पाणी लागेल. काल जेवताना मी मागच्या दाराकडे बघून एवढंच म्हटलं की तो मागाचा खड्डा उगाच पडून आहे. विणणारा ज्यात पाय सोडून बसतो तो खड्डा, आता नुसतं गवत.

आज शाळेतून येऊन बघते तर मामाजी विळा घेऊन खड्ड्यात. गवत काढून, माती झाडून, कडा सारख्या केलेल्या. माळ्यावरची मागाची लाकडंही तांडापेठेतल्या दोस्ताच्या, नत्थूच्या, नातवाकडून उतरवून घेतली होती आणि त्यांना जवसाचं तेल लावत बसले होते. खुराड्याला लाकूड लागेल हे माझ्या तोंडून निघायच्या आधी त्यांना कळलं. अशा माणसाला मी अकरा वर्षं घुमा समजत होते.

"कधी बसवता, बाई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रविवारी. धोंडबा मिस्त्रीला बोलावलंय, खड्ड्याला सिमेंट लावून घेते.

"ते बरं होईन," म्हणाले, "पावसाळ्यात पाय गारठते."

बदकांचे पाय गारठत नसतात. पण म्हाताऱ्या माणसाची माया.

१० जुलै, रविवार

एवढं करून एक बरा शब्द ऐकायला मिळू नये, याला काय म्हणावं?

मामाजी शुक्रवारी छत्री घेऊन तांडापेठेत गेले, त्यांचा दोस्त नत्थू अजून तिथंच राहतो. जाताना म्हणाले, रविवारी येतो. मी ठरवलं, ते येईपर्यंत सगळं उभं करायचं. धोंडबा सकाळी सातला आला. जुनं सागवान, त्याच्या करवतीचे दात वाकले. शेवटी लाकडं न कापता तशीच उभी करून जाळी ठोकली. खुराडं माणसाच्या उंचीचं झालंय. कोंबड्यांचं कोर्ट म्हणा. खड्ड्याला आतून सिमेंटचा गिलावा, कडेला उतार. दुपारी पाणी भरून पाहिलं, ठरलं. तांबडीला अंड्यांसकट खुराड्यात नेऊन ठेवली.

चारला मामाजी आले. काखेत एक पुडकं. मी हात धरून मागं नेलं, म्हटलं, बघा. त्यांनी खुराड्याच्या खांबावर हात ठेवला आणि वरून खालपर्यंत फिरवला. मग खड्ड्याच्या कडेला बसून एक पाय आत सोडला आणि पाणी लागताच वर घेतला.

"पाणी भरलं," म्हणाले.

मी म्हटलं, गुरुवारी बदकं येणार ना.

"हो काय," म्हणाले आणि आत गेले. पुडकं ट्रंकेत टाकलं, ओसरीत जाऊन बसले. रात्री पुन्हा अर्धी भाकरी. खड्ड्यापाशीच मी विचारलं होतं, नाही आवडलं का? म्हणाले, बरं हाय. धोंडबाच्या समोर! मला इतका राग आला की ह्यांच्या डब्यात मीठच घालायचं राहिलं.

१४ जुलै

बदकं आली. दोन पांढरी, दोन कबरी. पिशवीतून काढल्याबरोबर चौघं रांगेने सांभाराच्या वाफ्यात गेली आणि महिन्याभराची कोथिंबीर दहा मिनिटांत संपवली. मग पालक. पाण्याकडे ढुंकून बघेनात. मी त्यांना एकेक उचलून खड्ड्यात सोडलं, ती एकेक बाहेर आली आणि धुण्याच्या जागेवरच्या गढूळ डबक्यात जाऊन बसली.

कालू आमचा कुत्रा, बारा वर्षांचा, त्याला दातही धड नाहीत. त्याने बदकांना पाहून भुंकायचं सोडून पलंगाखाली आसरा घेतला. बोका मात्र भिंतीवर बसून खुराड्याकडे असा बघतो की जणू त्याचंच जेवण शिजतंय. राघू दिवसभर "क्वाक" म्हणायला शिकतोय. आज शाळेची एकही वही तपासून झाली नाही.

१९ जुलै

खड्डा रिकामा. सकाळी मी स्वतः वीस बादल्या पाणी भरून गेले होते. संध्याकाळी तळाला चार बोटं. धोंडबाला निरोप पाठवला.

२४ जुलै, रविवार

तेरांतली नऊ पिल्लं निघाली! सकाळपासून तीनदा पाहून आले. हे पण वर्तमानपत्र ठेवून आले, म्हणाले, वा. मामाजींना म्हटलं, चला, नजर आहे तोवर पिल्लं बघून घ्या. ते म्हणाले, ऐकू येते इथून. मागच्या दाराकडे ते हल्ली फिरकतही नाहीत. हात धुवायला पुढच्या नळावर जातात.

दुपारी आठ पिल्लं. बोका.

६ ऑगस्ट

कुठून सुरुवात करू?

मुंगसाने एक तरणी कोंबडी, तलंग, नेली. दादाने आणखी चार कोंबड्या आणि एक कोंबडा दिला होता, त्यातली एक मान टाकून बसली. मानमोडी असेल म्हणून तिला वेगळी ठेवली, तर तिने निमूटपणे ह्यांच्या ट्रंकेवर अंडं घातलं आणि चालू पडली. बदकं अंडी कुठं घालतात याला नेम नाही. काल एक चपलेच्या स्टँडखाली, एक तुळशीच्या कुंडीत. मामाजी सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले आणि हाताला अंडं लागलं. त्यांनी आंघोळ पुन्हा केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि खड्डा. धोंडबाने दोनदा गिलावा केला. भरलं की ठरतं. मी शाळेत गेले की आटतं. रविवारी मी घरात असते, रविवारी एक बोटभर पाणी कमी होत नाही. धोंडबा डोकं खाजवत म्हणाला, "काहून गळते ते मलेच समजून नाही राहिलं, बाई. वार पाहून गळते काय हे पाणी?" त्याचं ऐकून मी पण विचार करायला लागले, म्हणजे मी कुठवर आले ते बघा.

शाळेतही तेच. आज चौथीला शुद्धलेखन घातलं. बेचाळीस मुलांपैकी एकोणतीस जणांनी 'मागे'चं 'मांगं' केलं. फळ्यावर लिहून दिलं: लिहिताना मागे, बोलताना फार तर मागं, मांगं कधीच नाही. प्रत्येकाला उभं करून दहादा म्हणवून घेतलं. घसा बसला. घरी आले तर राघू खट्-खट्, खट्-खट् करत होता. माग बंद होऊन दोन वर्षं झाली तरी या पाखराच्या घशातून तो आवाज जात नाही. कोंबड्या बिचकतात, म्हणून मी पिंजऱ्यावर फडकं टाकलं. थोड्या वेळाने पाहिलं तर मामाजींनी ते काढून घडी करून ठेवलेलं. यांना माझं एकही काम पटत नाही.

२० ऑगस्ट, शनिवार

चोर सापडला.

शनिवारची अर्धी शाळा, त्यात हेडबाई आजारी, साडेदहालाच सुटले. मागच्या फाटकाने आत आले. मामाजी खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून डालड्याच्या डब्याने पाणी उपसून पेरूच्या झाडाला घालत होते. जवळजवळ रिकामा झाला होता. तळाची घाण हातानेच गोळा करून बाहेर काढली होती. माळकरी माणूस, बदकांची घाण हाताने!

माझा तोल गेला. म्हटलं, मामाजी, दीड महिना मी मरमर पाणी भरते, धोंडबाला नावं ठेवते, आणि हे तुम्ही? ते उभे राहिले. डबा हातात तसाच. "खड्ड्यात पाणी बरं नाही वाटत, बाई," म्हणाले.

"मग आधी सांगायचं होतं," मी म्हटलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, बसवा."

"हो," ते म्हणाले. "म्हणलं होतं मी."

डबा खाली ठेवला, हात धुतले, ओसरीत गेले. चुकले मी, आवाज चढवायला नको होता. पण खरं बोलले की नाही? शब्द दिला होता की नव्हता?

२१ ऑगस्ट

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, म्हातारपण. संपलं.

२८ ऑगस्ट

आता खड्डा भरलेला राहतो. बदकं त्यात पोहतात सुद्धा. मला वाटलं होतं बरं वाटेल.

१५ सप्टेंबर

परवा मारबतीचा पुतळा वाजतगाजत निघाला. गल्लीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या राहून रोगराई, महागाई, खोकला घेऊन जा गे मारबत म्हणत होत्या. मी मनात म्हटलं, बदकं घेऊन जा, मुंगूस घेऊन जा, आणि या घरातला अबोला घेऊन जा.

मामाजींची नजर झपाट्याने उतरली. काल ओसरीच्या खांबाला कपाळ आपटलं. ताटातलं वरण कुठं, भाजी कुठं, ते आता सांगावं लागतं. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बाजूचं गेलंच होतं, आता मधलंही जातंय, थेंब घालत राहा. परत येताना रिक्षात मी विचारलं, काही हवंय का, मामाजी? काहीही? म्हणाले, नाही बाई, तुमाले त्रास हाय तेवढा पुरे.

२५ सप्टेंबर, रविवार

यमुताई आली होती उमरेडहून. माझी नणंद. तिच्या घरी अजून दोन माग चालतात. वडिलांकडे पाहून तिने माझ्याकडे पाहिलं, मग खुराड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. खुराड्याच्या खांबाला तिनेही हात लावला. घराण्याची खोडच दिसते.

मामाजींनी जातो म्हटलं. त्यांची ट्रंक तिने भरली, तेव्हा ते पुडकं त्यांनी बाहेर काढून कोनाड्यात ठेवायला लावलं. मी म्हटलं, मामाजी, दिवाळीला या. ते म्हणाले, पाहू. बस सुटल्यावर मी स्टँडवरच उभी राहिले. हे म्हणाले, चल, कोंबड्यांची वेळ झाली. मी म्हटलं, खड्ड्यात गेल्या कोंबड्या.

एवढं कोणासाठी केलं मी? अंडी मी एक खाते, हे दोन. बाकी शेजारी वाटते. त्यांच्यासाठीच केलं ना सगळं? त्यांना विचारूनच केलं ना?

५ ऑक्टोबर

यमुताईचं पत्र आलं. तसंच उतरवून घेते, कारण मला ते पुन्हा पुन्हा वाचावं लागतंय.

"वहिनीस नमस्कार. बाबा बरे आहेत. दिवसभर आमच्या मागापाशी बसतात आणि सुताच्या कांड्या भरून देतात. मी विचारलं, बाबा, तुम्ही नागपूरले माग बसवणार होते, नत्थूकाकापासून सूत आणलं होतं, मंग काय झालं? लय दिवस बोलले नाहीत. काल म्हणाले, सुनेनं सोता विचारलं होतं, माग बसवू का म्हणून. मंग तिचं मन बदललं असंल. वहिनी, तुले राग येईन पण लिहितो. बसवायचा नव्हता तं विचारलं काहून? डोळे चालले त्या माणसाले आशा लावू नये."

मी माग बसवू का असं कधी विचारलं?

पहिल्यांदा वाटलं, म्हाताऱ्याला भास झाला. मग जुलैची पानं काढली. मागं बसवू का? मागं. कोंबडी मागच्या अंगणात बसवू का, हे मी विचारलं होतं. कोंबडी हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. खुडूक कोंबडीचं बसवणं सोडून बसवायला दुसरं काय असतं, असं मला वाटलं. त्यांच्या घरात सात पिढ्या बसवला गेला तो मागच.

कोनाड्यातलं पुडकं सोडलं. पांढरं सूत, आणि काठासाठी लाल आणि हिरवं.

ओसरीत उभं राहून मी मोठ्याने दोन्ही म्हणून पाहिलं. माग बसवू का. मागं बसवू का. मलाच फरक ऐकू येईना. माहेरी असते तर मांगं म्हटलं असतं, आणि मांगं ऐकून त्यांनी विचारलं असतं, काय बसवता? एकोणतीस मुलांना मी ज्यासाठी उभं केलं तेच माझ्या तोंडात असतं, तर आज ते इथं बसले असते.

ते खड्ड्यात विळा घेऊन उतरले होते. लाकडांना तेल लावत होते. मी त्या लाकडांचं खुराडं केलं आणि त्यांना हात धरून दाखवायला नेलं. आणि म्हटलं, तुम्हीच म्हणालात.

९ ऑक्टोबर, रविवार

उमरेडला जाऊन आले. ह्यांना बरोबर घेतलं नाही.

मामाजी यमुताईच्या मागाशेजारी चरख्यावर कांडी भरत होते. बोटांनीच, खाली न बघता. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. डालगं, तांबडी, मागं. ते चरखा फिरवत ऐकत होते. मग खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत. हसत होते. अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मांगं म्हणलं असतं तं समजलं असतं न, बाई," म्हणाले.

मी म्हटलं, घरी चला, माग बसवू. तेव्हा हसणं थांबलं. कांडी मांडीवर ठेवली.

"आमच्या घरी सून येते थे घरच्या मागावरचं लुगडं नेसून येते," म्हणाले. "करवती काठाचं. तुमच्या लग्नाच्या साली सूत नव्हतं. तुम्ही बाजारचं नेसून आल्या. मी कोणाले बोललो नाही, पण ते माह्या मनात होतं. मले वाटलं, अकरा वर्सानं का होईना, बाई आपलं लुगडं मागून राहिली."

इतकी वर्षं मी या घरात राहते आणि हे मला कोणी सांगितलं नाही. रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माझा, आणि त्यांचाही. एक शब्द बोलायला काय झालं होतं या माणसाला? मी विचारलं तसं. म्हटलं, काहून नाही बोलले तुम्ही?

"काय बोलू? तुम्ही त्या पाखराइले जीव लावला होता. मले वाटलं, मन बदललं. मन बदललं त्याले कोणी काय करावं?"

मग म्हणाले, "जुलैत काठ दिसत होता मले. आता नाही दिसत."

यमुताई माग थांबवून ऐकत होती. तिने तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "मामाजी, मला ते लुगडं पाहिजे. जसं येईल तसं."

त्यांनी मांडीवरची कांडी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी यमुताईला विचारलं, नागपूरची बस किती वाजता हाय वं?

१६ ऑक्टोबर, रविवार

धोंडबा मला येडी समजतो, आणि त्याचं काही चुकत नाही. जुलैत त्याच्याकडून लावून घेतलेलं सिमेंट आज त्याच्याकडूनच पहारीने फोडून घेतलं. खुराडं सोडवलं. लाकडांना जागोजागी खिळ्यांची भोकं पडली आहेत, मामाजी एकेका भोकात बोट घालून बघत होते. मी म्हटलं, माझ्यामुळे. ते म्हणाले, लाकूड हाय, सोसते.

कोंबड्या बेघर. सध्या न्हाणीघरात. बदकांना अर्धं कापलेलं पिंप दिलं, त्यात ती चौघं एकमेकांवर बसून ओरडतात आणि संधी मिळाली की खड्ड्यात उतरतात. कोंबडा स्वयंपाकघराच्या खिडकीत झोपतो. हे म्हणाले, हे सगळं दादाकडे परत का पाठवत नाहीस? मामाजी म्हणाले, राहू द्या, सवय झाली मले आवाजाची.

यमुताई दसऱ्यापर्यंत राहणार. ताणा, म्हणजे उभे धागे, तीच लावणार आहे. मला एकेक धागा फणीतून ओढायला बसवलं. माझे तीन तुटले. ती म्हणाली, बाई, शाळेत मारत असशील न पोराइले?

६ नोव्हेंबर, रविवार

यमुताई गेली. आता मामाजी आणि मी. ते खड्ड्यात पाय सोडून बसतात, पावड्या दाबतात, धोटा या हातातून त्या हातात. पांढरं अंग हातांनीच येतं, त्याला डोळे लागत नाहीत असं ते म्हणतात. खरं आहे. इतकं सारखं विणतात की मी बोट फिरवून पाहिलं तरी गाठ लागत नाही. काठापाशी मात्र ते थांबतात, मान अगदी खाली घेतात, नाक लागेल इतकी. मग अंदाजाने धोटा टाकतात.

सकाळी कबरं बदक तिसऱ्यांदा खड्ड्यात शिरलं, त्याला बाहेर काढताना माझा पाय घसरून गुडघा फुटला. दोन कोंबड्यांनी मागाच्या वरच्या दांड्यावर बसायला सुरुवात केली आहे. एकीने तिथून पांढऱ्या सुतावर जे करायचं ते केलं. मी ते ओल्या फडक्याने पुसत होते आणि मनात तिला मसाल्यात घालत होते.

आज एक हात विणून झालं. मामाजींनी मला बोलावलं. वहीत लाल शाईने चूक दाखवायची दहा वर्षांची सवय, डोळा आधी तिथंच जातो. काठातल्या करवतीचे दोन दात एकमेकांत गेलेले. तिसरा नव्हताच. लाल आणि हिरवं एका जागी उलटं पडलेलं.

त्यांनी काठावर अंगठा ठेवला होता.

"बरोबर येऊन राहिला काय काठ, बाई?"

"येऊन राहिला, मामाजी," मी म्हटलं. "असाच येऊ द्या."